दोनदा अठ्ठावीस!

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. वही-पेन्सिल जवळ असू द्या, पुढे लागणार आहे.

कबड्डीचा एक संघ आहे. त्याने एका अंतिम सामन्यात २८ गुण मिळवले. वीस महिन्यांनी तोच संघ पुन्हा अंतिम सामन्यात पोचला आणि तिथेही त्याने बरोबर २८च गुण मिळवले. एक कमी नाही, एक जास्त नाही. पण पहिल्या वेळी त्याच्या खेळाडूंनी चषक डोक्यावर घेऊन नाच केला आणि दुसऱ्या वेळी समोरच्या संघाला नाचताना बघितलं. दोन्ही वेळा फरक होता फक्त तीन गुणांचा.

ओळखलंत ना संघ? बरोबर! आपली पुणेरी पलटण.

१ मार्च २०२४ला हैदराबादमध्ये पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवलं आणि प्रो कबड्डी लीगचं पहिलंवहिलं अजिंक्यपद मिळवलं. ३१ ऑक्टोबर २०२५ला दिल्लीत दबंग दिल्लीने पुण्याला ३१-२८ असं हरवलं. गुण तेवढेच, फरक तेवढाच आणि निकाल मात्र उलटा! असं का झालं असेल? "नशीब, दुसरं काय!" असं म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण आकडे मांडून बसलं की एक वेगळीच गंमत हाती लागते. चला, मांडूया हिशेब.

आधी खेळाची उजळणी

तुमच्यापैकी बहुतेकांना कबड्डी येतेच. पाटस असो, वरवंड, यवत किंवा केडगाव. दौंड तालुक्यातल्या कुठल्याही गावात चुन्याच्या चार रेघा मारल्या की खेळ सुरू होतो. पण तुमच्याबरोबर हा लेख वाचणाऱ्या आईसाठी किंवा आजोबांसाठी (ते या खेळाला हुतुतूच म्हणणार!) नियम थोडक्यात सांगून टाकतो.

दोन्ही बाजूंना सात-सात खेळाडू. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव. चढाई करणाऱ्याला ३० सेकंद मिळतात. तेवढ्यात तो जितक्यांना शिवून मध्यरेषेवर परत येईल तितके गुण त्याच्या संघाला. त्याला पकडलं तर एक गुण पकडणाऱ्यांना. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस रेषा नियमाप्रमाणे ओलांडली तर एक गुण. अख्खा संघ बाद केला, म्हणजे लोण चढवला, तर जादा दोन गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी बचावपटू उरलेले असताना त्यांनी चढाई करणाऱ्याला धरलं तर ती अव्वल पकड, तिचे दोन गुण.

आणखी एक नियम फार महत्त्वाचा आहे. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो. नाही आणला तर चढाई करणारा बाद! ही 'करो या मरो' चढाई. हा नियम लक्षात ठेवा, कारण आपल्या कोड्याचं अर्धं उत्तर त्यात लपलेलं आहे.

तळापासून शिखराकडे

प्रो कबड्डी लीग सुरू झाली २०१४ साली. पहिल्या हंगामात आठ संघ होते आणि पुणे आठवं आलं. दुसऱ्या हंगामातही तेच. वर्गात दोनदा शेवटचा नंबर यावा, तशी गत! मग २०१६मध्ये झालेल्या दोन हंगामांत मात्र दोन्ही वेळा पुण्याने तिसरा क्रमांक पटकावला. अंतिम सामना काही नशिबी येत नव्हता.

तो आला २०२२च्या डिसेंबरात, नवव्या हंगामात. उपांत्य सामन्यात तमिळ थलैवाज संघाला ३९-३७ असं जेमतेम दोन गुणांनी मागे टाकून पुणे अंतिम सामन्यात गेलं. मुंबईत जयपूर पिंक पँथर्सशी गाठ पडली. निकाल लागला ३३-२९, जयपूरच्या बाजूने. त्या वेळी पुण्याचा कर्णधार होता इराणचा फझल अत्राचली. हे नाव ध्यानात असू द्या. पुढे आपल्याला ते परत भेटणार आहे, तेही वेगळ्याच रंगाच्या बनियनमध्ये.

हांगझोऊचा प्रतिस्पर्धी, पुण्याचा सोबती

आता येऊ २०२३-२४च्या त्या सोन्यासारख्या हंगामाकडे. त्याची गोष्ट सुरू होते थेट चीनमधल्या हांगझोऊ शहरात.

७ ऑक्टोबर २०२३. आशियाई खेळांतला कबड्डीचा अंतिम सामना. भारत विरुद्ध इराण. नियमावरून मोठा वाद झाला, सामना बराच वेळ थांबला आणि शेवटी भारताने ३३-२९ असं सुवर्णपदक जिंकलं. भारताच्या संघात अस्लम इनामदार होता. हा अहिल्यानगर जिल्ह्यातला, म्हणजे दौंडहून भीमा ओलांडली की सुरू होतो त्या शेजारच्या जिल्ह्यातला मुलगा. इराणच्या संघात होता मोहम्मदरेझा शादलूई. डाव्या कोपऱ्यात उभा राहणारा, बैलासारख्या ताकदीचा बचावपटू.

त्यानंतर दोनच दिवसांनी मुंबईत लीगचा लिलाव सुरू झाला. पुण्याने शादलूईवर बोली लावली तब्बल २ कोटी ३५ लाखांची! परवापर्यंत एकमेकांना पाडायला टपलेले अस्लम आणि शादलूई आता एकाच संघात आले. अस्लम कर्णधार झाला. प्रशिक्षक होते बी. सी. रमेश, ज्यांनी २०१९मध्ये बंगाल वॉरियर्सला विजेतेपद मिळवून दिलं होतं.

मग जे घडलं ते बघण्यासारखं होतं. साखळीतल्या २२ सामन्यांपैकी १७ जिंकले, ३ बरोबरीत सुटले आणि हरले फक्त २. गुण झाले ९६.

हे ९६ कसे आले, करून बघायचं का? त्या हंगामात विजयाला ५ गुण होते आणि बरोबरीला ३. म्हणजे १७ पंचे ८५, आणि तीन त्रिक नऊ. झाले ९४. मग वरचे दोन कुठून आले? सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरलं तर हरणाऱ्यालाही एक गुण मिळायचा. पुण्याला तसे दोन मिळाले. याचा अर्थ काय? पुणे जे दोन सामने हरलं, तेही थोडक्यातच हरलं. संपूर्ण साखळीत त्यांना कोणी झोडपून काढू शकलं नाही!

शादलूईने त्या हंगामात पकडींचे ९९ गुण मिळवले आणि तो सर्वोत्तम बचावपटू ठरला. सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान अस्लमला मिळाला. परवाचे दोन प्रतिस्पर्धी, दोघांच्याही हाती बक्षीस!

बाद फेरीत पुण्याला दोनच सामने खेळायचे होते. उपांत्य सामन्यात तीन वेळच्या विजेत्या पटना पायरेट्सला ३७-२१ असं गप्प केलं. अंतिम सामना हरियाणाशी. तो आतषबाजीचा सामना नव्हता. दोन्ही बचाव दगडी भिंतीसारखे उभे होते आणि एकेका गुणासाठी घाम गळत होता. पहिला डाव संपत आला असताना पंकज मोहितेने एका चढाईत चार गुण घेतले आणि पुणे १३-१० असं पुढे गेलं. पंकजने सामन्यात एकूण ९ गुण घेतले. दुसऱ्या डावात हरियाणा घासत घासत जवळ येत राहिली, पण पुढे काही जाऊ शकली नाही. २८-२५! पुण्यात फटाके वाजले.

मधलं एक वर्ष

शिखरावर चढणं अवघड आणि तिथे राहणं त्याहून अवघड, असं मोठी माणसं म्हणतात. पुण्याला त्याचा अनुभव लगेच आला.

पुढच्या हंगामाच्या लिलावात शादलूई हरियाणाकडे गेला. हंगाम चालू असताना अस्लमच्या गुडघ्याला दुखापत झाली. गतविजेत्या पुण्याला पहिल्या सहा संघांतही जागा मिळाली नाही. आणि गंमत बघा, त्या हंगामाचा अंतिम सामना होता आपल्याच बालेवाडीत! २९ डिसेंबर २०२४ला पुण्याच्या प्रेक्षकांसमोर हरियाणा स्टीलर्सने पटना पायरेट्सला ३२-२३ असं हरवून चषक उचलला. आदल्या वेळी पुण्यासाठी चषक उचलणारा शादलूई या वेळी हरियाणाच्या बनियनमध्ये तोच चषक उचलत होता. बालेवाडीच्या बाकांवर बसलेल्या पुणेकरांना कसं वाटलं असेल, कल्पना करा.

दिल्लीची वारी

आता २०२५, बारावा हंगाम. नवे प्रशिक्षक आले अजय ठाकूर. २०१६च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इराणविरुद्ध १२ गुणांची कमाई करणारा भारताचा तोच चढाईपटू. कर्णधारपद अस्लमकडेच होतं. गौरव खत्री, अभिनेश नादराजन, मोहित गोयत, पंकज मोहिते ही अजिंक्यपद पाहिलेली मंडळी संघात होती आणि त्यांच्या जोडीला आदित्य शिंदे नावाचा तरुण चढाईपटू चमकत होता.

नियमही बदलले होते. साखळीत प्रत्येकाला १८ सामने. विजयाला २ गुण. बरोबरी झाली तर ती तशीच ठेवायची नाही, जादा चढायांवर निकाल लावायचा. पुण्याने १८पैकी १३ सामने जिंकले. १३ दुणे २६. दिल्लीचेही २६च! पण गुणफरकात पुणे पुढे असल्यामुळे पहिला क्रमांक पुण्याचा आला.

पहिल्या दोन संघांना एक सवलत होती. त्यांची आपसात लढत होणार. जिंकणारा थेट अंतिम सामन्यात आणि हरणाऱ्याला आणखी एक संधी. क्रिकेटच्या आयपीएलमध्ये असतं तसंच.

२७ ऑक्टोबरला पुणे आणि दिल्ली भिडले. चाळीस मिनिटं संपली तेव्हा फलकावर आकडे होते ३४-३४. मग दोन्ही संघांना पाच-पाच जादा चढाया मिळाल्या. त्यात दिल्लीने ६-४ अशी बाजी मारली. दिल्ली अंतिम सामन्यात आणि पुणे दुसऱ्या संधीच्या रांगेत.

२९ ऑक्टोबरला पुण्यासमोर तेलुगू टायटन्स होते. सुरुवातीलाच पुणे मागे पडलं. पण आदित्य शिंदेने एकट्याने २२ गुण घेतले आणि पुण्याने ५०-४५ असा सामना खेचून आणला. दोघांचे मिळून ९५ गुण! कबड्डीचा सामना की बास्केटबॉलचा, असं वाटावं.

आणि ३१ ऑक्टोबरला त्यागराज स्टेडियमवर पुन्हा दिल्ली. या वेळी अंतिम सामना. दिल्लीच्या बचावात उभा होता आपल्या ओळखीचा फझल अत्राचली! पहिल्या डावात दिल्लीने आघाडी घेतली. नीरज नरवालने ९ गुण काढले. महाराष्ट्राचाच अजिंक्य पवार दिल्लीकडून सहा गुण घेऊन गेला. दुसऱ्या डावात पुण्याने अंतर कापत आणलं. आदित्यने दहा गुण मिळवले. पण शेवटचे तीन गुण काही कापले गेले नाहीत. ३१-२८. दिल्लीने स्वतःच्या प्रेक्षकांसमोर चषक जिंकला. घरच्या मैदानावर अजिंक्यपद मिळवणं याआधी फक्त यू मुंबाला जमलं होतं, २०१५मध्ये. दिल्लीचे प्रशिक्षक जोगिंदर नरवाल आठव्या हंगामात दिल्लीचे कर्णधार म्हणून जिंकले होते, आता प्रशिक्षक म्हणूनही जिंकले.

काढा वही!

आता वहीच्या पानावर दोन रकाने पाडा. एकाला नाव द्या 'घेतले' आणि दुसऱ्याला 'दिले'. पुण्याच्या बाद फेरीचे आकडे त्यात भरा.

२०२४, पटना: घेतले ३७, दिले २१.
२०२४, हरियाणा: घेतले २८, दिले २५.
बेरीज: घेतले ६५, दिले ४६.

२०२५, दिल्ली: घेतले ३४, दिले ३४.
२०२५, तेलुगू टायटन्स: घेतले ५०, दिले ४५.
२०२५, पुन्हा दिल्ली: घेतले २८, दिले ३१.
बेरीज: घेतले ११२, दिले ११०.

(२७ ऑक्टोबरच्या जादा चढायांचे गुण यात धरलेले नाहीत.)

२०२४मध्ये सामने दोन आणि २०२५मध्ये तीन, म्हणून नुसत्या बेरजांची तुलना करता येणार नाही. सरासरी काढायला हवी. पाचवी-सहावीतल्यांनो, ही संधी सोडू नका!

'घेतले'ची सरासरी २०२४मध्ये साडेबत्तीस आणि २०२५मध्ये सदतीसच्या थोडी वर. अरेच्चा! म्हणजे चषक हुकला त्या वर्षी पुण्याने प्रत्येक सामन्यात जास्त गुण घेतले होते! चढाईच्या बाबतीत २०२५चा संघ अजिंक्य संघापेक्षा मागे नव्हता, उलट पुढेच होता.

आता 'दिले' बघा. २०२४मध्ये सामन्याला सरासरी २३ गुण. २०२५मध्ये जवळजवळ ३७. इथेच तर मेख आहे! २०२४च्या पुण्याकडून गुण घेणं म्हणजे कोरड्या विहिरीतून पाणी शेंदण्यासारखं होतं. २०२५च्या पुण्याकडून ते सहज मिळत होतं.

हरलेल्या २०२२च्या हंगामाचाही हिशेब करून बघा. तेव्हा पुण्याने उपांत्य सामन्यात ३७ आणि अंतिम सामन्यात ३३ गुण दिले होते. सरासरी ३५. अंतिम सामन्यात घेतलेले गुण होते २९. म्हणजे तीन अंतिम सामन्यांत पुण्याने घेतले २९, २८ आणि २८. जवळजवळ सारखेच! दिले मात्र ३३, २५ आणि ३१. ज्या दिवशी दिलेल्या गुणांचा आकडा पंचविसावर रोखला, त्याच दिवशी चषक मिळाला.

पकड म्हणजे सात जणांचं काम

गुण कमी देणं एवढं अवघड का असतं? विचार करा. चढाईला गेलेला एकटा असतो. त्याला वाटलं तर डावीकडे जाईल, वाटलं तर उजवीकडे. चुकला तर एकटाच बाद होईल. बचाव मात्र सातांनी मिळून करायचा असतो. कोपऱ्यातल्याने उडी मारली आणि शेजारचा जागेवरच उभा राहिला, की चढाईपटू एकाला घसटत घेऊन मध्यरेषा गाठणार. मदतीला तिघे धावले आणि तरी तो निसटला, तर एका फटक्यात तिघे बाद! म्हणून उडी कधी मारायची यापेक्षा कधी मारायची नाही, हे बचावपटूला जास्त कळावं लागतं.

इथे तो मघाचा 'करो या मरो'चा नियम कामाला येतो. बचाव शांत राहिला, हात-पाय आवरून उभा राहिला, तर समोरच्याच्या दोन चढाया रिकाम्या जातात. तिसऱ्या चढाईत त्याला आत यावंच लागतं आणि आत आला की धरता येतो. शादलूई, गौरव खत्री, अभिनेश या मंडळींनी २०२४मध्ये हेच केलं. एकाने घोटा धरायचा, दुसऱ्याने मांडी, तिसऱ्याने अंगावर झेप घ्यायची, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात.

एक साधं गणित बघा. चाळीस मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक चढाईने पूर्ण ३० सेकंद घेतले तर ८० चढाया होतात, म्हणजे एका संघाच्या वाट्याला ४०. चढाया लवकर संपल्या तर त्याहून जास्त. एवढ्या चढाया अंगावर घेऊन फक्त २५ गुण द्यायचे, हे काय खायचं काम आहे?

पण थांबा!

आता कोणी हुशार वाचक म्हणेल, "म्हणजे बचाव चांगला असला की चषक ठरलेलाच!" तसं नाही हं. एका-दोन आकड्यांवरून नियम बांधायचा नसतो. आधी विरुद्ध बाजूचा पुरावा शोधायचा.

तो सापडतोही. आठव्या हंगामात, फेब्रुवारी २०२२मध्ये, दिल्लीने अंतिम सामन्यात पटना पायरेट्सला तब्बल ३६ गुण दिले आणि तरी ३७ घेऊन अजिंक्यपद मिळवलं. शिवाय २०२४मध्ये हरियाणाने पुण्याला २८च गुण दिले होते. बचाव छानच होता. पण स्वतः घेतले २५, म्हणून हरले. तेव्हा घ्यावे तर लागतातच.

त्यानंतरचे चार अंतिम सामने मात्र एक कल दाखवतात. अजिंक्य ठरलेल्या संघांनी दिलेले गुण पाहा: जयपूर २९, पुणे २५, हरियाणा २३, दिल्ली २८. चौघांपैकी एकानेही तिशी गाठू दिली नाही!

आणखी एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. २७ ऑक्टोबरला त्या पाच जादा चढायांत पुण्याने बाजी मारली असती, तर संघ थेट अंतिम सामन्यात गेला असता, मधला ९५ गुणांचा दमवणारा सामना खेळावाच लागला नसता. पाच दिवसांत तीन सामने आणि त्यातले दोन एकाच तगड्या संघाशी, हे सोपं नसतं. आकड्यांच्या वहीत थकलेले पाय दिसत नाहीत.

आणि शेवटी तीन गुण म्हणजे तरी किती? एक फसलेली पकड, एक सुटलेला बोनस आणि एक घाईची चढाई. बस्स! अजिंक्य आणि उपविजेता यांच्यात एवढंच अंतर होतं. पालकांनाही हे जरूर सांगा. दुसरा आलेला मुलगा घरी आला की "फक्त दुसरा?" असं विचारण्याआधी तो कितीने दुसरा आला हेही विचारायला हवं.

मैदानावर आपण काय करतो?

पाटससारख्या गावातल्या शाळेत संघ निवडायची वेळ आली की काय होतं, आठवा बरं. सर विचारतात, "चढाईला कोण जाणार?" वीस हात वर! "कोपरा कोण सांभाळणार?" सगळे बुटाच्या नाड्या बांधायला लागतात. जो उरतो, जो नवा असतो, ज्याला कोणी विचारत नाही, त्याला कोपऱ्यात उभं करतात. साहजिकच आहे. चढाईला गेलेल्याच्या नावाने टाळ्या वाजतात. कोपऱ्यातल्या मुलाने शांत उभं राहून दोन चढाया रिकाम्या घालवल्या, तर त्याला कोण टाळ्या देणार?

म्हणून या वेळी एक प्रयोग करून बघा. तुमच्या शाळेच्या किंवा आळीच्या पुढच्या पाच सामन्यांसाठी ही दोन रकान्यांची वही ठेवा. बाहेर बसलेल्या राखीव खेळाडूला हे काम द्या. म्हणजे तोही संघाच्या कामात राहील. घेतले किती, दिले किती. त्याच्याबरोबर तिसरा एक छोटा रकाना पाडा: 'समोरच्याच्या रिकाम्या गेलेल्या चढाया'. पाच सामने झाले की सगळ्यांनी मिळून वही उघडा. जिंकलेल्या सामन्यांत कुठला रकाना बदलला होता, ते शोधा. कदाचित तुमच्या संघाचं उत्तर पुण्यापेक्षा वेगळं निघेल. निघू दे! तुमचा संघ, तुमचे आकडे.

सरावाचा वेळही मोजा. तासभर सराव केलात तर त्यातली किती मिनिटं चढाईची आणि किती मिनिटं साखळी धरून एकत्र हलण्याची? बहुतेक ठिकाणी दुसरा आकडा फारच लहान असतो. तो थोडा वाढवून बघा. फक्त पकडीचा सराव मातीवर किंवा मॅटवरच करायचा, सरांसमोर करायचा आणि मित्राचा घोटा हा मित्राचाच आहे हे विसरायचं नाही!

पुणेरी पलटणने आतापर्यंत खेळलेले तिन्ही अंतिम सामने आता तुमच्या वहीत आहेत. पुणे पुन्हा कधी अंतिम सामन्यात पोचलं, तर घरातले सगळे जण चढाईपटूकडे बघून ओरडतील. तुम्ही मात्र डाव्या कोपऱ्याकडे नजर ठेवा. तिथे कोणीतरी गुडघे वाकवून, श्वास रोखून, काहीही न करता उभा असेल.